सकाळी सातला या

आमच्या एजंटने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "इन्व्हेस्टमेंटला घेताय तर जागा बघायला जाऊच नका, कागद मागवा. राहायला घेताय तर कागद नंतर. आधी सकाळी सातला जा आणि संडास बघा."

आई हसली. मलाही ते बोलणं आवडलं. घराविषयी मी तोवर इंटरनेटवर बरंच वाचलं होतं, पण त्यात संडासाचा शब्द कुठेच नव्हता आणि आम्ही घर बदलत होतो ते मुख्यतः त्याच्यासाठीच.

लालबागला आमची खोली तिसऱ्या, सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. खोली पागडीची, म्हणजे इमारत मालकाची आणि राहण्याचा हक्क आमचा. तो हक्क विकता येतो, पण मालकाची संमती लागते आणि त्याला वाटा द्यावा लागतो. बाबा गेल्यावर भाड्याची पावती आईच्या नावावर झाली. संडास पॅसेजच्या टोकाला, सगळ्या मजल्यात मिळून चार, त्यातल्या एकाचं दार लागत नाही. सगळे उकिडवं बसायचे. आईचे दोन्ही गुडघे गेलेत. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात, पण आधी घरात कमोड पाहिजे असंही म्हणतात. शिवाय तिला लघवीला वरचेवर जळजळ होते. पाणी भरपूर पीत जा, असं ते दर वेळी सांगतात आणि आई दर वेळी मान हलवते. मी तिला एक मोठी बाटली आणून दिली होती. ती तिच्या कॉटच्या डोक्याशी असते.

तर खोली विकायची, मी कर्ज काढायचं आणि लिफ्टची जागा घ्यायची, असं ठरलं होतं.

एजंटचं ऑफिस चिंचपोकळी स्टेशनजवळ, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या माळ्यावर आहे. माणूस पन्नाशीचा, आईला वहिनी म्हणणारा आणि मला मॅडम. माझ्याशी बोलताना ते मध्येच इंग्रजीत जायचे. मी कमी बोलते, म्हणून मला मराठी कमी समजतं असा लोकांचा समज होतो. मी तो सहसा दुरुस्त करत नाही. त्या आडोशाला बरं वाटतं.

त्यांनी आम्हाला परळला एक वन रूम किचन दाखवलं, आणि खरंच सकाळी सातला. जुनी चाळ पाडून बांधलेली इमारत. लिफ्टपाशी दप्तरवाल्या मुलांची गर्दी होती. "बघा, हे दुपारी दिसलं नसतं," ते म्हणाले. "आता मी बाहेर उभा राहतो. घरातल्या बाईशी बोला. एजंटसमोर कोणी खरं बोलत नाही." त्या बाईंनी सांगितलं की उन्हाळ्यात पाणी कमी येतं आणि वरच्या मजल्यावरचा मुलगा ड्रम वाजवतो. आई संडासात गेली, कडी लावली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा म्हणाली, "भिंतीक धरूक दांडो हा गो." ती मालवणी सहसा मावशीशीच फोनवर बोलते. पुढे ती त्या घराबद्दल काही विचारत बसली नाही. त्या बाईंनी दिवाळीपर्यंत थांबायची तयारी दाखवली.

राहिली आमची खोली.

आधी इन्व्हेस्टर आले. आले म्हणजे आले नाहीत, त्यांनी कागद मागवले. मालक भावाभावांची कोर्टात केस आहे, त्यामुळे चाळ पाडून टॉवर व्हायचं नुसतं बोललं जातं. कागद पाहून दोघांनी फोन घेणंच बंद केलं. "बरोबर आहे त्यांचं," एजंट म्हणाले. "मीच त्यांना शिकवलंय." मग ते म्हणाले, आता राहायला येणारं गिऱ्हाईक बघू.

पहिल्या गिऱ्हाइकाला आईने चहा केला, पोहे केले. मुलगी बघायला आल्यासारखं त्यांना कॉटवर बसवलं आणि गळकी कौलं, पाण्याची वेळ, दार न लागणारा संडास, सगळं सांगितलं. आमच्याकडे घरात आलेल्या माणसापासून काही लपवून ठेवत नाहीत. ती माणसं पोहे खाऊन गेली ती गेलीच.

"वहिनी, चहा करू नका," एजंटनी हात जोडले. "चहा केला की तुम्ही बोलता."

"मग काय त्यांच्या तोंडाकडे बघत बसू?"

"टीव्ही लावा."

पुढचं जोडपं त्यांनी दुपारी चारला आणलं. चारला आमचा पॅसेज रिकामा असतो. माणसं कामावर, बायका आडव्या झालेल्या, धुतलेली लादी वाळलेली. वारा येतो. त्या वेळी मलाही आमची चाळ सुंदर वाटते. मी त्या दिवशी घरून काम करत होते. आईने टीव्ही लावला होता, आवाज बंद होता आणि ती मांडीवर हात ठेवून बसली होती. तिला एवढं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं.

नवरा खिडकीतून खाली बघत होता. बायको माझ्याहून लहान असेल. सहावा-सातवा महिना असावा. तिने माळा पाहिला, मोरी पाहिली, मग आईला विचारलं, "काकी, संडास लांब आहे का?"

आईने एजंटकडे पाहिलं. एजंटनी टीव्हीकडे. मग आईने माझ्याकडे पाहिलं. मला परळच्या भिंतीवरचा तो दांडा आठवला. हो किंवा नाही, काहीही म्हणता आलं असतं. लांब नाहीच तो, चालून गेलं तर.

"सकाळी सातला येऊन बघा," मी म्हटलं.

मी जिन्यापर्यंत सोडायला गेले तेव्हा एजंटनी जोडप्याला पुढे जाऊ दिलं. ते रागावले नव्हते. दमल्यासारखे वाटले. "मॅडम, ते मी तुम्हाला घेताना वापरायला सांगितलं होतं," ते हळूच म्हणाले. "विकताना नाही." या वेळी ते पूर्ण मराठीत बोलले.

संध्याकाळी आईने भाजी निवडली आणि देठं नेहमीपेक्षा बारीक तोडली.

रविवारी ती दोघं खरंच आली. सातला पॅसेजमध्ये रांग होती, हातात टमरेलं, खांद्यावर टॉवेल, कोणीतरी कोणावर तरी खेकसत होतं. "आरे, आत झोपलास काय?" आई लोखंडी खुर्चीवर दारात बसली होती. मुलगी रांगेकडे बघत राहिली, मग आईच्या पायांकडे. आईचे गुडघे साडीतूनसुद्धा कळतात.

"तुम्ही कसं करता, काकी?"

"मी संध्याकाळनंतर पाणी पीत नाही," आई म्हणाली. "मग रात्री उठावं लागत नाही. सवय होते."

एखादी रेसिपी सांगावी तसं तिने सांगितलं. मी आत ओट्यापाशी होते. डॉक्टरांसमोर हलवलेली तिची मान मला आठवली. कॉटच्या डोक्याशी ती बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती, तशी ती रोजच असायची, आणि आई ती पिऊन संपवते नि पुन्हा भरून ठेवते असं मी समजत होते.

मुलीने आईचा हात हातात घेतला, मग सोडला. नवऱ्याने खाली उतरताना तिला कठड्याच्या बाजूने धरलं होतं.

सोमवारी एजंटचा फोन आला. ते जोडपं नाही म्हणालं. परळच्या बाईंकडे दुसरं गिऱ्हाईक जाऊन आलं, त्या लोकांना घाई आहे. "नवी पार्टी आहे, वहिनी. शुक्रवारी चारला आणतो," ते स्पीकरवर म्हणाले आणि जरा थांबले. "मॅडम ऑफिसला असतील ना?"

आईने फोन ठेवला. पदराने तोंड पुसलं.

"शुक्रवारी तू ऑफिसला जा," ती म्हणाली. "मी नाही करायची चहा."

दिवे लागले होते. मी बाटलीचं झाकण उघडून ती तिच्या हाताशी ठेवली. तिने माझ्याकडे बघत झाकण परत लावलं आणि बाटली भिंतीकडे सरकवली.