सामानाच्या यादीत केझाया

'मनापासून नाच' हे शब्द ग्लेनिस ऍक्रॉयड यांच्या वर्गात उच्चारायची सोय नव्हती. मन मोजता येत नाही, हा बाईंचा त्यावरचा मुख्य आक्षेप. हॅदरक्लफ गावातल्या या त्रेपन्न वर्षांच्या बाई नाच बसवत, शिकवत आणि वर मोजतही. नाचणाऱ्याच्या छातीला पट्टा, खांद्याला चिकटवलेलं बटणाएवढं यंत्र आणि समोर लॅपटॉपमध्ये नाक खुपसून बाई! सुंदर उडी मारणाऱ्याला टाळी नाही. "गुडघ्यावर वजनाच्या साडेचार पट भार. परत मार," एवढाच प्रसाद.

पण वर्गाचं दार सताड उघडं. जो श्वास घेतो तो नाचू शकतो, हे बाईंचं ब्रीद. त्यामुळे अर्धांगाच्या झटक्याने डावी बाजू लुळी पडलेला निवृत्त बसड्रायव्हर डेस्मंड तिथे चाकाच्या खुर्चीत नाचे, शाळामास्तरीण ब्रोना तिच्या खुर्चीत नाचे आणि एकोणीस वर्षांची केझाया आपल्या खुर्चीत. केझायाचे हातपाय जन्मापासून तिचं फारसं ऐकत नसत. जिभेने मात्र त्या सगळ्याची भरपाई केली होती.

या तिघांचा आणि पायांवरच्या चौघांचा एक नाच बाईंनी सहा महिने खपून बसवला होता. शनिवारी तो गावच्या सभागृहात व्हायचा होता. केझायाचा हा पहिलाच प्रयोग, म्हणून तिची आत्या न्यूकॅसलहून येणार होती. आणि सोमवारी सभागृहाच्या समितीचे अध्यक्ष क्लिफर्ड सगडन यांनी बाईंना चहाला बोलावलं. आमच्या यॉर्कशरमध्ये वाईट बातमी चहाशिवाय देणं असभ्य समजतात. बरोबर आल्याची बिस्किटंही असली, तर बातमी फारच वाईट.

बिस्किटं होती.

"सभागृह पडलं वरच्या मजल्यावर," सगडन म्हणाले. "आग लागली की लिफ्ट बंद. माणसाला जिन्यावरून खाली न्यायच्या घडीच्या खुर्च्या आपल्याकडे दोन. म्हणजे चाकाच्या खुर्चीतली माणसंही दोन. तुझी आहेत तीन."

"मग एक काय घरी ठेवू?"

"प्रेक्षकांत बसव की."

"प्रेक्षकही वरच बसतात, क्लिफर्ड."

"अरे हो," सगडन म्हणाले आणि त्यांनी बिस्किटाची बशी पुढे सरकवली.

बाईंनी मंगळवारी घड्याळ लावून सगळ्यांना जिन्यावरून उतरवलं. चौघांनी उचललेला डेस्मंड पन्नास सेकंदांत खाली. केझाया एक्केचाळीस. गुडघेदुखीवाले सगडन स्वतः, कठड्याला धरून, तीन मिनिटं दहा सेकंद. बाईंनी त्याचा रंगीत आलेख काढून त्यांच्या पुढ्यात आपटला.

"आग लागली तर या इमारतीत जळणारा एकमेव माणूस म्हणजे तू!"

सगडननी चष्मा पुसून आलेख नीट वाचला. "जळेन गं," ते शांतपणे म्हणाले, "पण नियमात बसून जळेन."

यावर कुठलं शास्त्र चालणार? बाईंनी नगर परिषदेच्या मोठ्या कार्यालयात फोन केला. तिथल्या मुलीने "तुमची तळमळ आम्हाला अगदी समजते" असं तीन वेळा सांगून फोन पुन्हा सगडनकडेच जोडून दिला.

शेवटी सगडनचंच मन द्रवलं. माणूस मुळात लोण्यासारखा. फक्त ते लोणी फ्रीजमधलं. बुधवारी ते दबक्या आवाजात म्हणाले, "हे बघ पोरी, माणसांच्या यादीत दोनच खुर्च्या बसतात. पण रंगमंचावरच्या सामानाच्या यादीला मर्यादा नाही. तिथे लिही, 'खुर्ची, चाकाची, एक'. आत कोण बसलंय ते मी कशाला विचारतोय?"

बाईंनी फॉर्म पाहिला. 'टेबल, एक. छत्र्या, दोन.' खाली रिकामी ओळ. एरवी त्यांनी त्या कागदाचे तुकडे केले असते. पण तीन दिवस भिंतीवर डोकं आपटून भिंतीला टेंगूळ आलं नव्हतं, कपाळाला आलं होतं. एक शब्दच तर आहे, पोरीचा नाच तरी होईल, असं म्हणून त्यांनी खुर्ची लिहिली आणि सही ठोकली.

गुरुवारी रंगीत तालमीआधी त्यांनी ही युक्ती केझायाला मोठ्या खुशीत सांगितली. यादीत आणखी काय काय आहे, एवढंच केझायाने विचारलं. बाईंना ती खूण कळायला हवी होती.

संगीत सुरू झालं. डेस्मंड निघाला, ब्रोना वळली. केझाया जागेवरच.

"केझाया! तुझी वेळ!"

केझाया ढिम्म.

दारातून बघणारे सगडन कळवळले. "काय झालं गं पोरीला? हलत का नाही?"

"सामान आपणहून हलतं का, मिस्टर सगडन?" केझाया नजर समोर ठेवून म्हणाली. "कुणीतरी ढकला. आणि जपून हं, मी टेबलाशेजारची आहे."

डेस्मंड फिस्सकन हसला. बाईंनी संगीत बंद केलं.

"हे मी तुझ्यासाठीच केलं ना, बाळा?"

"माझ्यासाठी, पण मला न विचारता. खांद्याला विचारलंत, नाडीला विचारलंत, श्वासाला रोज विचारता. माझं तोंडही इथेच होतं की."

बाईंनी सगडनकडे हात पुढे केला, फॉर्म घेतला आणि खुर्चीची ओळ इतकी खोडली की कागद फाटला.

"मग शनिवारी दोघंच?" सगडननी विचारलं.

"शनिवारी कुणीच नाही. जातील तर तिघं."

सगडन बिचारे खरोखर दुःखी झाले. शनिवारची वेळ त्यांनी घंटावादक मंडळाला दिली. केझायाच्या आत्याला तिकीट बदलून मिळालं नाही म्हणून ती आलीच, आणि दोन तास घंटा ऐकून गेली.

पुढच्या मंगळवारी तळमजल्यावरच्या व्यायामशाळेत वर्ग पुन्हा भरला. तिथे प्रेक्षक नाहीत, पडदा नाही, घामट गाद्यांचा वास तेवढा आहे. बाईंनी लॅपटॉप उघडला, मिटला आणि त्या केझायासमोर बाक ओढून बसल्या.

"बोल. कुठून यायचंय तुला?"

"पहिल्यापासून. तुम्ही मला शेवटच्या दीड मिनिटाला आणता."

"कारण चार मिनिटांनी तुझा खांदा दमतो! सहा महिन्यांचे आकडे आहेत माझ्याकडे!"

"दमू दे की. दमलेला खांदाही दिसू दे लोकांना."

"अगं, मग ब्रोनाचं वळण चुकेल, डेस्मंड भिंतीवर जाईल, सगळ्या मात्रा नव्याने मोजाव्या लागतील!"

"मोजा," केझाया म्हणाली.

बाईंनी छताकडे बघत यॉर्कशरमधली एक जुनी, भरदार शिवी पुटपुटली. मग लॅपटॉप पुन्हा उघडला, सहा महिन्यांचा नाच पुसला आणि त्या खेकसल्या, "पट्टा बांध. एकपासून."