हरलेल्याचा चहा

ज्या घरात चित्रपटाची मंडळी महिनाभर ये-जा करून गेली आहेत, त्या घरात किस्से डब्यांच्या झाकणांसारखे साठतात. हात घालावा तेव्हा भलतेच झाकण हाती येते आणि नेमके बसणारे सर्वांत शेवटी सापडते. छावणीतल्या आमच्या घरी गेल्या हिवाळ्यात अशी मंडळी आली होती. कारण माझे धाकटे दीर, वसंतभावजी. तरुणपणी ते शर्यतीत मोटरसायकल चालवीत. पुण्यापासून मद्रासपर्यंत त्यांनी चषक मिळवले. त्यांतल्या एकात मी हल्ली पळ्या ठेवते.

त्यांच्या आयुष्यावर चित्रपट निघणार, याचा घरात सर्वांना आनंद झाला. भावजींना सोडून.

* * *

त्याचे कारण पिशोर. भावजी बाहेरगावी जिंकले, परंतु घरच्या मैदानात, जवळच्याच पिशोर गावच्या रस्त्यावरच्या शर्यतीत ते हरले. जिंकले रशीदभाई, आमच्याच गल्लीतले. नंतर त्यांनी गॅरेज काढले आणि शर्यती सोडल्या. त्या शर्यतीआधी दोघांत पैज लागली होती की, हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला संध्याकाळचा चहा करून पाजायचा. किती दिवस, ते ठरवायचे राहून गेले.

तेव्हापासून रशीदभाई रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसतात आणि भावजी चहा करतात. माझ्या स्वयंपाकघरात पुरुषांना मज्जाव आहे. हा एक अपवाद.

दिग्दर्शक मुलगा सभ्य होता. त्याने पटकथा वाचून दाखवली. तीत पिशोरला भावजी पहिले आले होते.

"हे चूक आहे," भावजी म्हणाले. "पहिला रशीद आला."

"सर, शेवट तोच आहे. तिकीट काढून लोक तुम्हांला हरताना बघायला येणार नाहीत."

"रशीद रोज बघतो. बिनतिकिटाचा."

मुलगा हसला. भावजी हसले नाहीत. "अरे, तू शूटिंग करून निघून जाशील. मला इथंच राहायचंय. पडद्यावर मी पहिला आलो, तर दुसऱ्या दिवशी याच्यापुढं कप कोणत्या तोंडानं ठेवू?"

रशीदभाई कपातले बिस्किट बुडण्याआधी बाहेर काढण्यात गुंतले होते.

* * *

आमची गल्ली जुन्या काळची दिसावी म्हणून कलाविभागाने गंगापूरकडून पोत्यांतून धूळ आणली आणि रात्रीतून दारापुढे पसरली. सकाळी मी ती झाडून घेतली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा पसरली. मी पुन्हा झाडली.

तेव्हा दिग्दर्शक हात जोडून आला. "काकू, ही पैसे देऊन आणलेली धूळ आहे."

"म्हणूनच टाकून दिली नाही," मी म्हटले. "कुंड्यांत घातली आहे. माती चांगली आहे."

आमच्या गावाला बाहेरून धूळ मागवावी लागली, असे माझ्या उभ्या आयुष्यात प्रथमच घडले.

* * *

चित्रपटात मीही होते. माझी भूमिका करणारी मुलगी माझा अभ्यास करण्यासाठी आली. पटकथेत मी प्रत्येक शर्यतीआधी देवापुढे बसून रडत होते.

"काकू, दीर शर्यतीला निघाले की तुमच्या मनात काय यायचं?"

"भाजी किती करावी, हे."

तिने वहीत 'भाजी' असे लिहून घेतले. "आणखी काही?"

"परतले नाहीत, तर उरणार. परतले, तर मित्रांना घेऊन येणार."

चित्रपटात ती रडली. छान रडली. तिचा पदर मात्र मी दोनदा नीट करून दिला.

* * *

नायकाचे दंड माझ्या पाणी तापवायच्या बंबाएवढे होते. त्याने भावजींच्या काळातल्या गाडीला किक मारली. गाडीने परत मारली. घोट्याला आंबेहळदीचा लेप लावून मी त्याला दिवाणावर झोपवले.

त्यानंतर जवळून टिपायच्या दृश्यांत तो नुसता गाडीवर बसे, आणि कॅमेऱ्यात न दिसणारे दोन गडी मागून गाडी ढकलीत. वेगाच्या दृश्यांत त्याच्या जागी दुसराच मुलगा चालवी.

रशीदभाई ओट्यावरून पाहत होते. म्हणाले, "वसंता, अपने टाइम में ढकलनेवाले मिलते तो मैं भी मद्रास तक आता."

* * *

पिशोरचे दृश्य पिशोरलाच घेतले. गर्दीसाठी गावातलीच माणसे जमवली, त्यांच्या हातांतले मोबाइल काढून घेतले. भावजींना, रशीदभाईंना आणि मला सावलीत खुर्च्या दिल्या.

दोन गाड्या वळणावरून आल्या. नायकाची पहिली, रशीदभाई झालेल्या नटाची तिच्या मागून. पहिली पुढून गेली, गर्दी गप्प. दुसरी आली आणि लोकांनी टोप्या उडवल्या.

"कट! अहो, पहिल्यासाठी ओरडायचं."

एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. "सायब, त्या दिवशी मी हितंच उभा व्हतो. पयला ह्यो नव्हता आला. पयला त्यो आलता. माझ्या बापानं त्याला खांद्यावर घिऊन नाचवलं."

"आजोबा, हा सिनेमा आहे."

"व्हय. पण गाव आमचं हाय ना."

पुन्हा गाड्या आल्या. पुन्हा तेच. ऊन कलू लागले. रस्ता अडवण्याची परवानगी तेवढ्याच दिवसाची होती. दिग्दर्शकाचा चेहरा रडवेला झाला. भावजी हाताची घडी घालून बसले होते. चषक घेतानाही इतके समाधानी मी त्यांना पाहिले नव्हते.

तिसऱ्यांदा गाड्या आल्या. नायकाची पहिली. गर्दी गप्प. तेवढ्यात माझ्या शेजारून कर्कश शिट्टी वाजली. रशीदभाई खुर्चीवरून उठले होते आणि दोन बोटे तोंडात घालून वाजवीत होते. लोकांनी वळून त्यांच्याकडे पाहिले. मग सगळा गाव ओरडला.

"तुला कुणी सांगितलं होतं?" भावजी म्हणाले.

"पोरगं रडायला आलं होतं," रशीदभाई म्हणाले. "और एक बार तो तू भी पहला आना ना, पिशोर में."

संध्याकाळी आम्ही जीपने छावणीत परतलो.

घरी पोहोचताच भावजी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराकडे वळले. रशीदभाईंनी खांद्यावर हात ठेवून त्यांना ओट्यावर बसवले आणि स्वतः आत गेले. मी अडवायला तोंड उघडले आणि मिटले. बराच वेळ भांडी वाजत राहिली.

मग आतून आवाज आला, "वसंता, शक्कर किधर रखता रे तू?"

भावजींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला.

"वरच्या फळीवर," ते म्हणाले. "मला कमी."