कपाटामागची रेघ

आमची गल्ली मुसी नदीच्या काठाकाठानं जाते. गल्लीच्या मधे दुधाचं बूथ आहे. बूथाच्या पुढे आमची पाच घरं, सगळ्यांच्या पाठी नदीकडे. शेवटचं घर खालाचं, त्याच्या अलीकडचं माझं आणि माझ्या अलीकडचं अक्काचं. खाला म्हणजे मावशी; ती वयानं माझ्या आईएवढी, दखनी बोलते. अक्का तेलुगू, माझ्याहून थोडी मोठी, तिच्या पुढच्या खोलीत इस्त्रीचं दुकान आहे. तिघींत कमी बोलणारी मी. मी घरी बसून फुलवाती आणि कापसाची वस्त्रं करते आणि बेगम बाजारातल्या एका दुकानात नेऊन देते. इतकी वर्षं झाली, पण त्या दुकानदाराशीसुद्धा माझं बोलणं फार नाही. मी पिशवी ठेवते, तो उघडून बघतो, मान हलवतो, मी निघते.

माझ्या परसात धुण्याचा दगड आहे. लग्न होऊन आले तेव्हा दगडाच्या पलीकडे खाट टाकायला जागा होती आणि त्याच्याही पलीकडे सीताफळाचं झाड होतं. मोठा पूर आला त्या वर्षी झाड गेलं. तेव्हापासून दर पावसाळ्यात काठाची माती थोडी थोडी सुटते. आता दगडाचा एक कोपरा अधांतरी आहे. त्या बाजूला पाय न ठेवता मी धुते.

त्या पुराच्या वेळी वरच्या तलावाचे दरवाजे उघडले आणि दुपारी पाणी घरात आलं. आम्ही अक्काच्या गच्चीवर बसलो. पाणी उतरल्यावर घराच्या चारी भिंतींवर माझ्या छातीएवढ्या उंचीला एक तपकिरी पट्टा राहिला, तीन बोटं रुंद. दर वर्षी चुना मारायचा आणि दोन महिन्यांत पट्टा परत वर यायचा. घरी कोणी आलं की त्याची नजर आधी त्या पट्ट्यावर जायची. मग भिंतींना ओल आहे का, वास येतो का, असं विचारायचे. मला त्याची लाज वाटायची. घर स्वच्छ ठेवूनही ते मळकं दिसायचं.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात बूथाच्या भिंतीवर एक कागद लागला, तेलुगूत आणि उर्दूत. मला दोन्ही वाचता येत नाही. मी जामबागेतल्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले. अक्कानं तिचा भाग वाचला, खालानं तिचा. दोन्हीत एकच होतं. नदीच्या काठाला पक्की भिंत बांधायचं ठरतंय, कुठून कुठपर्यंत बांधायची त्यावर लोकांचं म्हणणं ऐकायचं आहे. रविवारी शाळेत बैठक, आणि आदल्या दिवशी सरकारी ऑफिसातले साहेब घरं बघायला येणार.

साहेब घरी येणार म्हटल्यावर गल्ली कामाला लागली. कोणी नाली साफ केली, कोणी दाराला रंग दिला. अक्कानं उंबरठा हळदीच्या रंगानं नवा केला. मी चुना भिजवला. या वेळी ठरवलं होतं की तो पट्टा घालवायचाच. आधी तारेच्या ब्रशनं सगळ्या भिंती घासल्या. प्लास्टरचा पापुद्रा निघाला. मग चुन्यात नीळ, तुरटी आणि गोंद घालून दोन हात दिले. वाळल्यावर भिंती अशा दिसायला लागल्या की मी स्वतःच दारात उभी राहून बघत होते.

अक्का आली. "अय्यो, दाग कहां गया?"

मी सांगितलं. आधी घासायचं, मग गोंद घालायचा. मी आपण होऊन कोणाला काही सांगितलं असं फार कमी वेळा झालं असेल. अक्कानं ते खालाला सांगितलं, खालानं बाकीच्या दोन घरांना. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाची घरं आतून पांढरी झाली होती. खाला तिच्या सुनेला म्हणत होती, "बाजूवाली से सीखो जरा. बोलती नै, करके दिखाती."

मला फार बरं वाटलं होतं ते.

शनिवारी साहेब आले. पिकलेले केस, हातात गुंडाळलेला नकाशा. त्यांच्याबरोबर एक मुलगी होती, पुण्याची. ऑफिसनं पाहणीचं काम ज्या कंपनीला दिलं होतं तिथं नोकरीला. मी नवऱ्याला "अहो, खुर्ची आणा" म्हणाले ते तिनं ऐकलं.

"काकू, तुम्ही मराठी? इथं?"

"इथंच जन्मले," मी म्हणाले.

साहेबांनी नकाशा आमच्या खाटेवर पसरला. जिथं पुराचं पाणी आलं होतं तो भाग निळा होता. निळा रंग दुधाच्या बूथापर्यंत येऊन थांबला होता. भिंतीची लाल रेघही तिथंच थांबली होती. पुराच्या वेळी पंचनाम्याला माणसं आली, तेव्हा आम्ही पाचही घरं कुलूप लावून नातेवाइकांकडे गेलो होतो. त्यामुळे आमचं पाणी कुठं लिहिलंच गेलं नाही.

"इधर भी आया था, साब," नवरा म्हणाला.

"कितना?"

अक्कानं हात गळ्याला लावला. खालानं हात डोक्याच्या वर नेला. "सर के उप्पर!"

"खाला," अक्का म्हणाली, "तुम तो मेरी छत पे थे. चाय पी रहे थे."

"छत पे थी तो क्या, आंखां नै थे मेरे को?"

साहेब हसले. मग त्यांनी विचारलं, "निशान बताओ. दीवार पे दाग रहता है, वही दिखाओ."

आम्ही तिघी भिंतींकडे बघायला लागलो. साहेबही बघत होते. ते अक्काच्या घरी गेले, खालाच्या घरी गेले, बाकीच्या दोन घरांत गेले, आणि बाहेर येऊन म्हणाले, घरं छान ठेवली आहेत. त्या मुलीनं कागदावर काहीतरी लिहिलं. मी तिला हळूच विचारलं, काय लिहिलं? ती म्हणाली, "खूण दिसत नाही, असं लिहिलंय काकू. खुणेशिवाय आम्हाला निळा रंग पुढे नेता येत नाही. आणि रंग नाही तर भिंत नाही. बूथाच्या पुढे नुसती जाळीत दगड भरून टाकतील."

जाळीतले दगड मी पाहिलेत. पलीकडच्या वस्तीला टाकले होते. दुसऱ्या पावसाळ्यात जाळी उघडी आणि दगड नदीत.

ते गेल्यावर खाला माझ्या दारात बसली. रागावली नव्हती, पण बोलल्याशिवाय राहणार नव्हती. "क्या चूना मारी गे तू. नदी नै धो सकी वो तू धो डाली."

अक्का म्हणाली, "अय्यो, मैंने तो दो बार मारा. पर्वालेदु, जाने दो." पण पर्वालेदु, म्हणजे काही हरकत नाही, असं म्हणताना ती माझ्याकडे बघत नव्हती. तिची इस्त्रीची खोली नदीकडून दुसरीच आहे. मला रडू आलं नाही, पण पोळ्या करताना दोन करपल्या.

पूर आल्यापासून मी कापसाची पोती लोखंडी कपाटावर ठेवते. संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या वातींसाठी कापूस काढायला मी स्टुलावर चढले. कपाट आणि भिंत यांच्या फटीत डोकावले तर आत काळोख होता, पण वरचा जो थोडा भाग दिसत होता तो पांढरा नव्हता. पिवळट, जुना होता. ते कपाट माझ्या आईनं दिलेलं, फार जड. पुरात ते तिथंच उभं होतं आणि त्यानंतर कधी हललंच नव्हतं. चुना मारताना मी कपाटाच्या कडेपर्यंत मारला होता. मागं हातच गेला नव्हता.

नवरा नामपल्ली स्टेशनसमोरच्या एका लॉजच्या काउंटरवर असतो. त्या दिवशी पाहणीनंतर तो ड्यूटीवर गेला होता. तो आल्याबरोबर मी म्हणाले, "अहो, कपाट हलवायचंय."

"आता? जेवू तर दे."

"उद्या सकाळी. बैठकीच्या आधी."

"त्यापेक्षा घर हलवू, सोपं पडेल. तुझ्या आईनं कपाट दिलं का हत्ती?" पण त्यानं बॅटरी घेऊन फटीत प्रकाश टाकला. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "अगं, आहे."

सकाळी आम्ही कपाट रिकामं केलं. साड्या, भांडी, माझ्या वातींची पाकिटं सगळं खाटेवर. अक्का आणि तिचा नवरा एका बाजूला, आम्ही दोघं दुसऱ्या बाजूला. खाला दारातून सांगत होती, "इद्दर से पकडो, पांव बचाओ, अरे पांव!" कपाट हातभर पुढे आलं. मागे कोळ्याची जाळी, एक हरवलेला कंगवा, आणि भिंतीवर तो पट्टा. जसाच्या तसा, तीन बोटं. कपाटाच्या पाठीवरही त्याच उंचीला गंजाची रेघ होती. खालानं आत येऊन दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं. माझ्या पाठीवर एक थाप मारली.

"अब जा के बोल," ती म्हणाली.

मी नवऱ्याला म्हटलं, तुम्ही बोला. तो म्हणाला, मला अकराला लॉजवर पोचायचंय, आणि खूण तू पुसलीस, तूच सांग. अक्का म्हणाली, तिचं कोणी ऐकणार नाही, कारण काल तिनं गळा दाखवला होता आणि खालानं डोकं.

शाळेच्या मोठ्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. बूथाच्या अलीकडची माणसं पुढे बसली होती, आम्ही मागे. एक जण डासांवर बोलला. एक जण म्हणाला भिंत बांधली तर वारा बंद होईल. त्याच्या शेजारचा म्हणाला, "वारा नाही, वास बंद होईल, बरंच आहे." सगळे हसले. मग माइक फिरत फिरत आमच्याकडे आला. अक्कानं मला चिमटा काढला. मी उभी राहिले. समोर सगळी डोकी मागं वळलेली होती. तोंड उघडलं, आवाज आला नाही. मी बसले. माइक पुढे गेला.

शेवटी साहेब म्हणाले, कोणाला बोलायचं नसेल तर लिहून द्या, कोणत्याही भाषेत चालेल. त्या पुण्याच्या मुलीनं कागद वाटले. मी मांडीवर ठेवून लिहिलं. कागद तिच्या हातात दिला आणि जागेवर येऊन बसले.

साहेब एकेक कागद वाचून दाखवत होते, मराठी आणि इंग्रजी तिच्याकडे देत होते. माझा आला तेव्हा ती थांबली. पहिल्या ओळीवरून बोट फिरवत राहिली. मग माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, "काकू, मी इंग्लिश मीडियमची. हातानं लिहिलेलं मराठी वाचायला मला वेळ लागतो. तुम्हीच वाचता का?"

मी पुढे गेले. माझ्याच अक्षरातला कागद हातात होता, त्यामुळे कोणाकडे बघावं लागलं नाही. शाळेत धडा वाचायचे तसं वाचलं.

"आमच्या पाच घरांत पुराचं पाणी छातीपर्यंत आलं होतं. त्याचा पट्टा भिंतींवर होता. तुम्ही येणार म्हणून मी तो घासून वर चुना मारला. बाकीच्या घरांनाही मीच सांगितलं. खोटं कोणी बोललेलं नाही. माझ्या घरात कपाटामागे पट्टा राहिला आहे. कपाट पुढे ओढून ठेवलं आहे. येऊन बघावं."

त्या मुलीनं ते हिंदीत सांगितलं. मग साहेबांनी विचारलं, "आम्ही येणार म्हणून चुना मारला?" आमच्या रांगेतल्या बायका एकदम हसल्या. पुढच्या रांगेतली एक बाई मागे वळून म्हणाली, "आमच्याकडं पण मारला असता, पण आमच्याकडं भिंतीला टाइल्स आहेत." मग सगळी खोलीच हसली. साहेबही. मला हसू आलं नाही. मी कागदाची घडी घालून तो तिच्या हातात परत दिला.

बैठक संपल्यावर ते दोघं टेप घेऊन आले. साहेबांनी भिंतीवरची रेघ मोजली, कपाटावरची मोजली, फोटो काढले. मग म्हणाले, एका घरावरून होणार नाही, बाकीच्या घरांतही असं न हललेलं काही आहे का बघा. खालाच्या घरी धान्याच्या पेट्या होत्या, एकावर एक. त्या काढल्या तर मागे पट्टा. अक्काच्या अलीकडच्या एका घरात देव्हाऱ्यामागे निघाला. अक्काकडे काहीच निघालं नाही. ती सगळं हलवून घासते. साहेब म्हणाले, दोन्ही बाजूंना पाणी होतं तर मधलं घर कोरडं कसं राहील. अक्कानं त्यांना दोनदा चहा विचारला.

त्या मुलीनं नकाशावर पेन्सिलीनं रेघ पुढे नेली. मी विचारलं, पेन्सिल का? ती म्हणाली, ऑफिसात पक्की होईल तेव्हा शाई.

दोन महिन्यांनी बूथावर नवा नकाशा लागला. निळा रंग खालाच्या भिंतीपर्यंत आला होता, आणि त्याच्या मागून लाल रेघही. खाला रोज सकाळी दूध घ्यायला गेली की तिथं उभी राहून बघून यायची.

भिंत अजून झालेली नाही. बूथाच्या अलीकडे पाया खणलाय, आमच्याकडे यायला वेळ आहे. या पावसाळ्यात धुण्याच्या दगडाचा दुसरा कोपराही सुटला. आता मी बादली पुढच्या दारात घेऊन धुते. कपाट तसंच हातभर पुढे आहे. येता जाता नवऱ्याचा खांदा त्याला लागतो आणि तो हत्तीची आठवण काढतो.

दिवाळीआधी मी चुना भिजवला. अक्कानं दारातून विचारलं, "गोंद?" मी नाही म्हटलं. कपाटामागची भिंत सोडली आणि बाकी तीन भिंतींना एकच हात दिला.