माझा भाऊ भरतेश रबर वापरत नाही

आमच्या कुपवाडच्या प्रौढ साक्षरता वर्गाच्या शिक्षिका शिवांजली मॅडम यांनी सांगितले की, ज्याचे नाव पेपरात कधी आले नाही अशा एका माणसाविषयी लिहून आणा. मी आक्काताई आदगोंडा पाटील, वय एकोणसत्तर. मी माझा धाकटा भाऊ भरतेश मगदूम याच्याविषयी लिहीत आहे. तो सांगलीत राहतो आणि वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कॉमिक्स काढतो. एकोणतीस वर्षे तो माझ्या घरी जेवला नव्हता. विधवा बहीण त्याला जड झाली असावी, असे मी मनाशी धरून बसले होते. खरे कारण मला यंदाच्या जानेवारीत कळले.

भरतेश लहानपणी कोळशाने भिंतीवर चित्रे काढी. आमच्या म्हशीचे चित्र त्याने इतके बरोबर काढले होते की वडिलांनी शिंग पाहून म्हैस ओळखली आणि मग त्याला मारले. शाळेत त्याने चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा दिली. पुढची परीक्षा देण्याआधीच वडिलांनी त्याला सांगलीच्या भांडी गल्लीत एका दुकानाच्या पायरीवर बसवले. काम असे की, गिऱ्हाइकाने घेतलेल्या भांड्यावर बारीक छिन्नी आणि हातोडीने ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घालायचे. त्याचे अक्षर सुंदर होते. नावाशेजारी तो एक छोटा मोर काढून देई. मला तेव्हा वाचता येत नव्हते. मी मोरावरून भावाचे काम ओळखत असे.

या कामाची एक रीत आहे. गिऱ्हाइकाने नाव लिहून दिलेली चिठ्ठी पाहून पहिले भांडे कोरायचे आणि बाकीची भांडी त्या पहिल्या भांड्यावरून उतरवायची. चिठ्ठी पुन्हा बघायची नाही, कारण नजर दोन ठिकाणी गेली की ठिपका घसरतो, आणि स्टीलवर घसरलेला ठिपका पुसता येत नाही.

माझे यजमान आदगोंडा २४ नोव्हेंबर १९९६ रोजी उसाच्या फडात छातीत कळ येऊन वारले. वर्गात मी आकडे शिकले तेव्हा स्वतःहून लिहिलेली पहिली तारीख हीच होती. ते गेल्यानंतर भरतेशने छिन्नी ठेवून दिली. डोळे अधू झाले, असे त्याने सर्वांना सांगितले आणि कुपवाडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायला तो गेला. चित्र काढणेही त्याने सोडले. माझ्याकडे येणे बंद झाले. भाऊबीजेला साडी येई, पण ती दुसऱ्या कोणाच्या तरी हाती.

चार वर्षांपूर्वी तो निवृत्त झाला. त्याची नात ब्राह्मी हिने त्याला कोरी वही आणून दिली आणि मोठ्या माणसांसाठी असलेल्या कॉमिक्सच्या रविवारच्या वर्गात नाव घालून दिले. तेथील शिक्षक वीरधवल सर त्याच्या मुलाहूनही लहान आहेत. पुढचा संवाद ब्राह्मीने मला सांगितला आहे.

सर म्हणाले, "काका, आधी पेन्सिलीनं हलकं काढा. चुकलं की खोडता येतं."

भरतेश म्हणाला, "ताटावर रबर चालतो व्हय, सर?"

"हे ताट नाही काका, कागद आहे."

"कागदाला न्हाई ओ कळत, हाताला कळतंय."

त्याने रबर परत केला. सर्व वर्ग रेषा ओढी, भरतेश शाईच्या पेनाने ठिपके देई. एक चेहरा पुरा व्हायला त्याला दोन रविवार लागत. शेजारी बसणाऱ्या बँकेतल्या बाई त्याला म्हणाल्या, "काका, तुमच्या माणसाला देवी आल्यात का?" तो हसला, पण ठिपके चालूच राहिले. चौकटी कशा आखाव्यात, माणूस बोलला तर तोंडापाशी फुगा कसा काढावा, हे तो हळूहळू शिकला. एक गोष्ट त्याला फार पटली. दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या जागेत जे घडते ते कोणीही काढत नाही, तरी पाहणाऱ्याला ते समजते.

यंदा संक्रांतीनंतर एका दुपारी तो माझ्या दारात उभा राहिला. हातात वही होती. मी त्याला ओळखायला क्षणभर चुकले, कारण त्याचे केस पूर्ण पांढरे झालेले मी जवळून पाहिले नव्हते.

"आक्का, आत येऊ का?" त्याने विचारले.

"दार उघडंच हाय की एकोणतीस वर्सं," मी म्हणाले.

तो खाली सतरंजीवर बसला. वही माझ्यापुढे सरकवून म्हणाला, "तुझ्यासाठी काढलंय. ह्यात एक बी शब्द न्हाई. तुला वाचाय येत न्हाई म्हणून समदं चित्रातच सांगितलंय. माझ्या तोंडानं मला जमत न्हाई."

मी गेल्या वर्षापासून वर्गाला जाते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. मीही लगेच सांगितले नाही. चष्मा लावला आणि पाने उलटू लागले.

पहिल्या पानावर भांडी गल्लीतली पायरी होती. पुढे ताटांची चळत होती. माझे सासरे नेमगोंडा यांच्या पहिल्या स्मरणदिनी आम्ही बस्तीला, म्हणजे आमच्या जैन मंदिराला, एक्कावन्न ताटे देणार होतो. ते काम भरतेशकडेच होते. नंतरच्या चौकटीत माझे यजमान हातात एक ताट धरून उभे होते. ठिपक्यांनी काढलेला तो चेहरा इतका हुबेहूब होता की माझा हात पानावरच थांबला. मग एका पूर्ण पानावर फक्त ताटाची पाठ होती. कोपऱ्यात मोर होता. शब्द काढायचे नाहीत असे भरतेशने ठरवले होते, तरी ताट आले तसा त्याचा हात जुन्या सवयीने गेला आणि ताटावरची अक्षरे त्याने जशीच्या तशी उतरवली होती.

मी बोट ठेवून मोठ्याने वाचले, "कै. आदगोंडा नेमगोंडा पाटील यांच्या स्मरणार्थ. १७-३-१९९६."

भरतेशचा चेहरा उतरला. "आक्का, तुला वाचाय येतंय?"

मी तारीख पुन्हा वाचली. तिसरा महिना. मार्चमध्ये माझे यजमान जिवंत होते. त्या महिन्यात त्यांनी विहिरीवर नवी मोटार बसवली होती.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. मांडणीवरून माझे रोजचे ताट काढले. यजमान गेल्यावर भावाने त्यांच्या आठवणीसाठी करून दिलेले ताट, अशीच माझी समजूत होती. एकोणतीस वर्षे मी त्यात जेवत होते, त्या सकाळीही जेवले होते. घासताना पाठीमागचे ठिपके बोटांना लागत, त्यामुळे तेथे काय आहे हे मला ठाऊक आहे असे मी मानत आले. वाचायला शिकल्यावर मी एसटीच्या पाट्या वाचल्या, औषधाच्या बाटल्या वाचल्या, पण हे ताट उलटे करून कधी वाचले नाही. आता वाचले. तेच नाव, तीच तारीख. मी ताट तसेच उलटे हातात धरून उभी राहिले.

भरतेश दाराशी आला होता. तो खाली बघून बोलू लागला. आमच्यात नातवाला आजोबांचे नाव ठेवतात, म्हणून सासऱ्यांचे नाव नेमगोंडा आदगोंडा आणि यजमानांचे आदगोंडा नेमगोंडा. त्याने पहिल्या ताटावर ती दोन नावे उलटी घातली आणि रीतीप्रमाणे उरलेली पन्नास ताटे त्यावरून उतरवली. माझ्या सासऱ्यांच्या जागी माझे जिवंत यजमान कैलासवासी झाले. यजमान ताटे न्यायला गेले तेव्हा त्यांनी ते पाहिले.

"दाजी लय हसले," भरतेश म्हणाला. "म्हणाले, पाव्हणं, मला घालवायची लय घाई झालीया तुमास्नी. मग म्हणाले, आक्काला सांगू नगा. तिला वाचाय येत न्हाई, तेवढं बरं हाय."

त्याने रात्रंदिवस बसून दुसरी एक्कावन्न ताटे केली. पहिली पोत्यात बांधून माळ्यावर गेली. आठ महिन्यांनी यजमान वारले, तेव्हा माझ्या सासूबाई बनुबाई यांनी ते पोते खाली काढायला लावले. ती ताटे वापरू नका म्हणून भरतेशने त्यांचे पाय धरले होते. त्या म्हणाल्या, "आता बरोबर हाय की नाव." पन्नास ताटे बस्तीला गेली, एक माझ्यासाठी ठेवले.

"मीच लिवलं आन् तसंच झालं," भरतेश म्हणाला. "तुझ्या घरी कंच्या तोंडानं जेवू?"

इतक्यात माझा मुलगा, त्याचे नाव अतिशय, कारखान्यातून आला. ताट माझ्या हातात उलटे पाहून तो उंबऱ्यावरच थांबला. वडील गेले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि शाळेत जात होता.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारले.

"व्हय आई." तो म्हणाला, "उद्या कारखान्यात पॉलिशच्या चाकावर बफ मारून पुसून आणतो. काय राहायचं न्हाई."

मला धक्का कशाचा बसला ते मी नीट लिहिते. माझ्या भावाची चूक ही हाताची चूक होती आणि हृदय काही ताट वाचून बंद पडत नाही. परंतु माझ्या घरात ज्यांना वाचता येत होते ते सर्व माझ्यासमोर बसून जेवत होते, आणि माझ्या ताटामागे काय आहे हे मी सोडून सर्वांना माहीत होते. मला वाचता येत नाही हे बरे आहे, असे माझे यजमान हसत म्हणाले होते. त्यांच्यावर रागावण्याची माझी ही पहिलीच वेळ होती आणि ते समोर नव्हते.

"पुसायचं न्हाई," मी अतिशयला सांगितले. त्याच्याशी मी पुढे दोन दिवस बोलले नाही.

दिवस मावळायला आला होता. आम्ही सूर्यास्तानंतर जेवत नाही. मी भाकरी, वांग्याची भाजी आणि दही वाढले. भरतेशला वेगळे ताट दिले, माझे मी घेतले. तो हात आखडून बसून राहिला.

"जेव," मी म्हणाले. "अंधार पडला तर दोघं बी उपाशी ऱ्हाऊ."

त्याने पहिला घास घेतला. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. पुढे त्याने दोन भाकरी खाल्ल्या.

तो निघताना मी वहीचे शेवटचे पान पाहिले. तेथे एक चौकट आखलेली होती, आत काही नव्हते.

"हे ऱ्हायलं," मी म्हणाले.

"तू काय म्हणशील ते ठाऊक नव्हतं," तो म्हणाला.

त्या चौकटीत तो माझे चित्र काढणार आहे आणि फुग्यातले शब्द मी माझ्या हाताने लिहिणार आहे, असे ठरले आहे. काय लिहावे ते मला अद्याप सुचलेले नाही. माझे अक्षर मोठे येते आणि फुगा लहान आहे. भरतेश आता दर गुरुवारी जेवायला येतो. तो म्हणतो की चौकट मोठी करता येईल, पण मी आधी पाटीवर लिहून बघावे, कारण वहीत तो रबर लावू देणार नाही.