मापाचं पोलकं

रोहिणखेडला मशिदीकडे जाणाऱ्या वाटेवर माझं शिलाईचं दुकान होतं. गावातल्या बायकांची पोलकी वर्षानुवर्षं मीच शिवली, पण एकाही बाईला माझी फीत लागली नाही. रीतच तशी होती. बाई आपलं नीट बसणारं एखादं जुनं पोलकं पाठवायची. त्याला मापाचं पोलकं म्हणत. ते पाटावर पसरायचं, त्यावर फीत लावायची आणि नवं बेतायचं. बगलेत काचतं की गळा उतरतो, हे तिचा नवरा नाहीतर सासू येऊन सांगे. हिंदू घर असो की मुसलमान घर, बाई स्वतः दुकानाची पायरी चढत नसे. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट पोलकं पाहूनच बाईचं अंग कळतं, असा मला थोडा गर्वही होता.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. बायको पस्तिशीच्या आसपास होती. मोठे दोन मुलगे, आणि शेवटची लेक, अंगावरचं दूध नुकतंच सुटलेली. एक दिवस बायको अंगणात मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. पोर पळत आली आणि आईच्या कुशीत अशी घुसली की तिचं डोकं आईच्या डाव्या छातीवर जोरात आपटलं. बायको कळवळली, मग हसली आणि मिरचीचे हात लांब धरून कोपरांनीच पोरीला जवळ घेतलं. ते मी दुकानाच्या दारातून पाहिलं आहे.

दुखऱ्या जागी हात फिरवताना तिला आत बोराएवढी गाठ लागली. छातीचं दुखणं थांबलं, गाठ तशीच राहिली. तिने ती माझ्या आईला दाखवली.

"दूध अडकलं असन," आई म्हणाली. "एरंडाचं पान तापवून बांध. जिरून जाईन."

पान बांधून झालं, दुसरं पान झालं. महिना गेला. गाठ दुखत नव्हती, म्हणून घरात कुणाला काळजी नव्हती. बायकोला मात्र होती.

"अवो," ती एकदा जेवण वाढताना म्हणाली, "तुमी बटनं-धागा आनाले बुलढान्याले जाऊन राह्यले ना? तवा डॉक्टरले इचारून या."

"तूच चाल ना."

"मी? अन् त्या परक्या मानसाले दाखवू? तुमाले चालन काय?"

 भाकरीचा तुकडा मोडत राहिलो. ती माझ्याकडे पाहत थोडा वेळ थांबली, मग चुलीकडे वळली. त्या वेळी मी 'चालेल' एवढं म्हणायला हवं होतं. ती आली असती.

दुसऱ्या दिवशी मी बसमध्ये बसलो तेव्हा माझ्या पिशवीत तिचं मापाचं पोलकं होतं. डाव्या बाजूला, बगलेच्या जरा खाली, मी शिलाईच्या खडूने गोल खूण केली होती. बाईला काय होतं ते डॉक्टरला पोलक्यावर दाखवायचं, हे मला इतकं सरळ वाटलं होतं की वाटेत त्याचा विचारही आला नाही.

डॉक्टरांनी पोलकं उलटसुलट पाहिलं. "हे काय आणलंत? बाई कुठे आहेत?"

"घरी आहेत. गाठ इथं आहे, साहेब." मी खूण दाखवली.

त्यांनी पोलकं टेबलावर ठेवलं आणि एकेक विचारू लागले. दुखते का? हाताखाली हलते का? किती दिवस झाले? मग विचारलं, "बाईंच्या माहेरी कुणाला असं काही झालं होतं?"

मी सांगितलं. तिच्या आईला छातीला जखम झाली होती, ती वाढत गेली आणि त्यातच ती वारली. मावशीचंही काहीसं तसंच ऐकलं होतं.

 मी म्हणालो, "पण साहेब, हे लेकराचं डोकं लागून झालं."

"नाही," ते म्हणाले. "माराने ही गाठ होत नाही. ती आधीपासून होती. डोकं लागलं म्हणून हात तिथे गेला आणि सापडली, एवढंच."

"मग कशानं झाली?"

"एकच कारण सांगता येत नाही. आईला, मावशीला असेल तर लेकीला धोका जास्त. वय वाढतं तसा तो वाढतो. आणि यातलं काहीही नसलेल्या बाईलाही हा आजार होतो. तिचं काही चुकलं म्हणून होत नाही."

"तीन लेकरांना पाजलं हो तिनं."

"पाजल्याने धोका थोडा कमी होतो, जात नाही. दुखत नाही म्हणून निवांत राहू नका. याच आठवड्यात त्यांना घेऊन या. बहुतेक नागपूरला नाहीतर मुंबईला पाठवावं लागेल. गाठ कापावी लागेल, कदाचित सगळी छातीच."

मी पोलकं घडी करून पिशवीत टाकलं. परतीच्या बसमध्ये कापणं हा एकच शब्द डोक्यात होता. मी रोज कात्री चालवणारा माणूस, आणि मला तो शब्द सहन होईना. त्यावर परक्या पुरुषाचा हात, गावातली कुजबुज, लेकरांना कोण पाहील, असं सगळं चढत गेलं. घरी पोहोचलो तेव्हा बायको आणि आई दोघी ओट्यावर वाट पाहत होत्या.

"काय म्हनले डॉक्टर?" बायकोने विचारलं.

"पोरीच्या डोक्याचा मार लागला म्हनले. जिरन हळूहळू."

बायकोचा चेहरा सैलावला. आई म्हणाली, "म्या म्हनलंच व्हतं." त्या दिवसापासून ती गाठ पोरीची झाली.

पुढचं सगळं मला तिच्या पोलक्यांवरून आठवतं. काही महिन्यांनी ती म्हणाली, डावी बाजू जरा सैल करा. मी शिवण उसवून कापड सोडलं. पुढे तिनेच सांगितलं की तिथली कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली आहे, बारीक खळग्यांची, आणि बोंड आत ओढलं गेलं आहे. मग बगलेत गाठी लागायला लागल्या. मी बगलेत जोड दिला. मग डावा हात सुजला आणि बाही चढेना. मी बाही वरपर्यंत उघडली आणि तिथे बंद लावले.

"तुमी शिंपी हाय म्हनून बरं," ती म्हणाली. "दुसऱ्या कोनाची असती त लुगडं गुंडाळून बसली असती."

"गप बस," मी म्हणालो. ती हसली. मी बंद बांधत होतो.

गाठ फुटून जखम झाली तेव्हा मी तिला स्वतः बुलढाण्याला नेलं. या खेपेला परक्या पुरुषाच्या हाताचं मला काहीच वाटलं नाही. डॉक्टर तेच होते. त्यांनी मला ओळखलं, पण पोलक्याचं काही बोलले नाहीत. तिला तपासून मला बाहेर बोलावलं आणि सांगितलं की आजार हाडांत उतरला आहे, तिची पाठ दुखते ती त्यामुळेच. मी विचारलं, तेव्हाच आणली असती तर? ते म्हणाले, "खात्री कुणीच देणार नाही. पण तेव्हा काही करता आलं असतं."

शेवटचे महिने मी जुन्या धोतराच्या मऊ कापडाची पोलकी शिवत होतो, आतून शिवण न लागणारी. इतक्या वर्षांत उजेडात मी तिचं अंग पहिल्यांदा पाहिलं ते जखम धुताना. ती तोंड फिरवायची. मग हळूहळू तिने तोंड फिरवणं सोडलं आणि मी धूत असताना घरच्या गोष्टी करू लागली. कुणाच्या म्हशीला रेडकू झालं, वांग्याला कीड काऊन लागली, मोठ्याची परीक्षा कधी आहे.

एकदा पोर दारात उभी होती. आजीने तिला आईजवळ जायला मनाई केली होती. बायकोने तिला पाहिलं आणि मला म्हणाली, "माह्या मायलेबी असंच झालं व्हतं. तिले कोनाचं डोकं लागलं व्हतं?"

मी फडकं पिळत होतो.

"तुमी काई तरी लपवून राह्यले," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "लपवा. मले आता काय करायचं हाये. पन पोरीले सांगा, मोठी झाली का. तिनं काई नाई केलं."

मी हो म्हणालो.

ती गेली. आईला दुःख फार झालं आणि ते कुठेतरी टाकायला तिला जागा हवी होती. पोरीने दंगा केला की ती म्हणे, "मायले टक्कर मारून खाल्लं, आता मले खा." मी मशीन चालवत असे. पाय थांबवून एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. पण ते वाक्य बोललो असतो, तर पुढचा प्रश्न मला आला असता.

पोर शहाणी होत गेली, जरुरीपेक्षा जास्त. कुणाला नुसता धक्का लागला तरी घाबरून विचारायची, "लागलं काय?" लग्न झालं, लेकरं झाली, तरी ती सवय गेली नाही. नवऱ्यामागे ती माझ्याकडेच राहायला आली, आणि म्हातारपणी मला आयतं सुख मिळालं.

गेल्या महिन्यात घरोघरी फिरणाऱ्या आशाताई आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांची माहिती घेत होत्या. मी खाटेवर पडलो होतो. त्यांनी लेकीला विचारलं, घरात कुणाला छातीचा कर्करोग होता का?

"नाही बाई," लेक म्हणाली. "आई मार लागून गेली. आमच्याकडं तसं काही नाही."

"मग तुम्हाला एवढी घाई नाही," म्हणत त्या निघाल्या.

मी उठून बसलो. त्यांना थांबवलं आणि म्हणालो, "तिच्या आईला होता. आईकडच्या आजीलाही होता. मार लागून काही होत नाही. मला डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं."

आशाताई गेल्यावर मी सगळं सांगितलं. पोलकं, खडूची खूण, ओट्यावर बोललेलं खोटं, तिच्या आईचा निरोप. ती भिंतीला टेकून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बाबा, मी माह्या एकाही लेकराले समोरून कुशीत येऊ दिलं नाही. पळत आलं की पाठ करायची. पाठीवर घ्यायची." आणि आत निघून गेली.

नंतर ती माझ्याशी बोलली नाही. चहा वेळेवर येत होता, ताट येत होतं. मी मागायचो नाही, तीही विचारायची नाही. मग एका सकाळी माझं धुतलेलं धोतर खाटेवर ठेवत म्हणाली, "उठा. बुलढाण्याले जायचं हाये. डॉक्टरले तुम्हीच सांगा, मले नीट सांगता येनार नाही."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मी सांगितलेलं त्यांनी सगळं लिहून घेतलं: आई, आजी, आजीची बहीण. हाताला काही लागत नाही म्हणाल्या, पण छातीचा खास फोटो काढला. तो पाहून कळवते म्हणाल्या, आणि काही निघालं नाही तरी दर वर्षी यायचं, मुलीलाही सांगायचं. लेकीने तिथूनच तिच्या मुलीला फोन लावला. "ऐक," म्हणाली, "तुझ्या पणजीपासून सांगते." मी बाकावर बसून ऐकत होतो.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी होती. घाट उतरता उतरता तिला डुलकी लागली आणि एका खड्ड्याला तिचं डोकं माझ्या खांद्यावर आदळलं. ती दचकून उठली.

"लागलं काय, बाबा?"

"नाही," मी म्हणालो. "राहू दे तसंच."

तिने माझ्याकडे पाहिलं. अजून राग होता, तो जायला वेळ लागेल. पण डोकं तिने पुन्हा खांद्यावर टेकवलं, सगळा भार टाकून.