ठसका न आलेल्या मिरच्या

अहो, माझी पोर चिमी परत भट्टीसारखी तापलेली, मान टाकलेली, हे शिफ्टला, अख्ख्या बिल्डिंगीत गाडी एकच, वरच्या काकांची, आणि काका गाडी काढायची सोडून माझ्या स्वयंपाकघरात उकिडवे बसून कोळसा फुंकत होते!

आमच्या वरच्या काकांसारखा माणूस इथे आखातात, सगळ्या सोहार शहरात नाही. देव समोर आला तरी म्हणतील, "परत एकदा प्रकट व्हा, मघाशी नीट दिसलं नाही." कंपनीत इंजिनियर, एकटा जीव, आणि बोलणं सगळं युरोपातल्या तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या शास्त्रज्ञांचं, जसे काही ते काकांचे मावसभाऊच. "पोरी, तोवर सगळे जुन्या पुस्तकात बघून सांगायचे. ह्यांनी करून बघितलं!" मग काकापण करून बघायचे. गच्चीवरून कलिंगड आणि लिंबू एकदम सोडलं, आधी कोण पडतं म्हणून. दोन्ही एकदमच पडली, घरमालक अर्बाबच्या नव्या गाडीशेजारी. तो ओरडत आला तर त्यालाच म्हणतात, "बरं झालं, साक्षीदार मिळाला!" मला दुर्बिणीतून गुरूचे चंद्र दाखवले. "तेव्हाचे मोठमोठे पंडित नळीला डोळा लावायला तयार नव्हते, तू लावलास." मी सातवी नापास, मला केवढं बरं वाटलं.

तर चिमीला पहिल्यांदा ताप आला तेव्हा मी मीठ-मिरच्या ओवाळून लुबानच्या, म्हणजे इथल्या धुपाच्या, भांड्यातल्या निखाऱ्यावर टाकल्या. ठसका आला नाही की दृष्ट जबर, हे आपल्याला माहीतच आहे. नाहीच आला. माझी किंकाळी ऐकून काका खाली आले. "मिरच्या सादळल्यात," म्हणाले, आणि त्याच पुडीतल्या, न ओवाळलेल्या टाकल्या. असा ठसका, खाली वॉचमनसुद्धा खोकला! मग मला परत ओवाळायला लावलं. मिरच्या काळ्या पडल्या, धूर सरळ वर गेला, वास म्हणून नाही. काकांचं तोंड पांढरं झालं. पण म्हणाले, "आधी दवाखाना." डॉक्टर म्हणाले, उशीर केला असता तर पोर हातची गेली असती.

चिमी बरी झाली. काका नाही झाले. जिन्यात भेटले की तिच्या कपाळाला हात लावायचे, आणि कपाळ गार लागलं की हिरमुसायचे. म्हणायचे, "एकदा झालेलं धरत नाहीत, पोरी. परत व्हायला पाहिजे."

आणि ते परत झालं होतं. चिमी माझ्या खांद्यावर, गाडीची किल्ली त्यांच्या खिशात.

"काका, यल्ला, चला ना!"

"दोनच मिनिटं. तू फक्त ओवाळ."

ओवाळायच्या म्हणून मिरच्या माझ्याच मुठीत होत्या. मी त्या ओट्यावर ठेवल्या आणि तांब्याभर पाणी निखाऱ्यावर ओतलं. चर्र झालं. काका भांड्याकडे बघत राहिले, खेळणं मोडल्यावर पोर बघतं तसे. मग "खलास," एवढंच म्हणाले, आणि गाडी अशी हाणली की काय सांगू.

चिमी आता शाळेत जाते. काका तिला खाऊ आणतात, पण कपाळाला हात लावत नाहीत. गच्चीवरून काही पडत नाही. दुर्बिणीवर चादर घातलीय. कधी कधी वाटतं, माणसाने दोनच मिनिटं मागितली होती.

तुम्ही काय केलं असतं हो?