बांगड्यांवरचा रुमाल

हे आजवर कोणाच्या कानावर घातलेलं नाही. माहेरी नाही, शेजारी नाही. तोंडानं सांगणं जमणार नाही, म्हणून लिहिते आहे. चौथीपर्यंतच शिकले. अक्षर वेडंवाकडं आहे, पण वाचता येईल. नवऱ्याला मी ‘हे’ म्हणते, इथंही तसंच लिहीन.

हे गोल्फ खेळायचे. लहानपणी साहेब लोकांच्या बॅगा उचलायचे, बघून बघून शिकले. देवळालीच्या आमच्या खोलीत स्टीलचा पेला आडवा ठेवायचे आणि फरशीवरून चेंडू त्यात घालायचे. “हलू नकोस गं, आता बघ” — असं म्हणाले की मी लाटणं हवेत धरून बसायची. चेंडू आत गेला की पेला टण्ण वाजायचा, आणि हे माझ्याकडे बघायचे. चेंडू मीच घातल्यासारखे बघायचे. लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं. पेठजवळच्या माझ्या माहेरी माणसं पुष्कळ — माझ्याकडे तसं कोण बघणार होतं?

मग देवळालीतल्या आमच्याच गोल्फच्या मैदानावर मोठी स्पर्धा ठरली. बक्षिसाच्या पैशांसाठी खेळणारे, पेपरात नाव येणारे खेळाडू येणार होते. त्यांच्यात जायचं तर आधी चाचणी. ज्याचे फटके कमी, तो वर; बाकीचे घरी. ह्यांची निवड झाली असती तर ही स्पर्धा, आणि पुढे वर्षभर दिल्ली, बंगळूर, कोलकाता. हे जेवताना शहरांची नावं घ्यायचे. मी वाढत राहायची. भाजी हवी का विचारायची. दुसरं काय विचारणार?

मी त्याच मैदानावर गवत खुरपायला जायची. चाचणीच्या दिवशी आम्हा बायकांना साडीवरून घालायला पांढरे शर्ट दिले आणि हातात पाटी — ‘शांत राहा’. खेळाडू चेंडूपाशी उभा राहिला की पाटी वर करायची. तेवढा वेळ बघणाऱ्यांनी चालायचं नाही, बोलायचं नाही, मोबाईल बंद. टाळ्या चेंडू थांबल्यावर. आणि आम्ही आमच्या बांगड्यांवर रुमाल गुंडाळायचा, पाटी उचलताना त्या वाजू नयेत म्हणून. ही युक्ती आमच्यातल्या शकूमावशींची. माझा रुमाल त्यांनीच बांधला. म्हणाल्या, “नवऱ्याकडं बघू नको, लोकांकडं बघ. नायतर लय लाजशील अन् पाटी उलटी धरशील!” सगळ्या हसल्या. मीही हसले.

शेवटच्या होलापाशी मी उभी होते. हे आले. फटक्यांचा हिशेब लोकांत कुजबुजत आधीच पोचला होता — हा चेंडू आत गेला की निवड. चेंडू होलाच्या अगदी जवळ होता. एवढ्या अंतरावरून घरी ह्यांचा कधी चुकत नसे. मी पाटी वर केली. सगळे गप्प झाले. शेजारच्या माणसानं खोकला तोंडातच दाबला.

आता पुढचं.

रुमाल आपोआप सुटला असं मी स्वतःला किती वर्षं सांगितलं. तो सुटला नाही. मी सोडला. दुसऱ्या हातानं गाठ ओढली, आणि ह्यांनी काठी मागे नेली तेव्हा मनगट झटकलं.

एवढासाच आवाज. चेंडू होलाच्या कडेनं निघून गेला.

आवाज झाला म्हणून तिथं फटका परत मिळत नाही. लोक चुकचुकले, मागे वळून बघू लागले. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता. सुपरवायझरनं त्यांना बाहेर जायला सांगितलं. “अहो, मी नाही हो,” ते म्हणत होते, एकेकाच्या तोंडाकडे बघत. माझ्याकडेही बघितलं. माझी पाटी अजून वरच होती.

हेच मध्ये पडले. “जाऊ द्या त्यांना. माझाच हात हलला.”

एका फटक्यानं राहिले. मला हे दूर जायला नको होते. एवढंच होतं, यापेक्षा मोठं काही नव्हतं. माझ्या बांगड्यांचा आवाज ह्यांना ओळखू आला असेल का? घरात दिवसभर तोच तर कानावर असायचा. ह्यांनी कधी विचारलं नाही. मीही कधी सांगितलं नाही.

नंतर पुन्हा चाचण्या दिल्या, पण जवळपाससुद्धा गेले नाहीत. आता साहेबांच्या मुलांना शिकवतात. रोज संध्याकाळी घरी येतात, मला हवं होतं तसेच. चहा पितात, पाणी भरतात, कधी आवाज चढवत नाहीत. पेला मात्र ह्यांनी रॅकमधून परत खाली काढला नाही. मला ह्यांच्या त्या बघण्याची आठवण येते. माणूस समोर बसलेला असताना त्याची वाट बघायची, हे कोणाला सांगू? कधी दुपारी एकटी असले की मी पेला आडवा ठेवते, थोडा वेळ बघते, पुसून परत ठेवते.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी मी मुलीची वेणी घालत होते. हे मोबाईलवर कुठलीशी स्पर्धा बघत होते. ती म्हणाली, “पप्पा, तुम्ही का नाही यात?”

“गेलो होतो गं. शेवटच्या फटक्याला घाबरलो, हात हलला.”

“एवढ्याशा चेंडूला? घाबरट पप्पा!”

ती इतकी हसली की केस माझ्या हातातून निसटले. हेही हसले. मी केस परत हातात घेतले, रिबीन बांधली, डबा दिला. ती बापाला घाबरट समजून शाळेला गेली.